वजन वाढालंय ते मेटाबॉलिझम स्लो म्हणून, की खाणं जास्त म्हणून? नेहमी येणारे प्रश्न

मी बेळगावच्या वडगावात राहते, आहाराचा सल्ला देणं हे माझं रोजचं काम. बेळगावातले तर येतातच पण खानापूर, हुक्केरी, निपाणीकडनं सुद्धा लोक येतात, वय वेगळं, घर वेगळं, कुणी मराठी बोलणारं कुणी कन्नड, पण पहिलं वाक्य ठरलेलं, "मी काय खात न्हाई हो, तरी वजन वाढालंय". हे म्हणणारं माणूस खोटं बोलत नसतं हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढं जे लिहिलंय ते वाचून कुणाला वाटू नये की मी आरोप करालेय. रोज जे प्रश्न येतात ते सगळ्यांना एकाच ठिकाणी वाचायला मिळावेत म्हणून लिहून काढले.

सरळ सांगा, वजन वाढतं ते मेटाबॉलिझममुळं की कॅलरीमुळं?

कॅलरीमुळं. पोटात गेलेली ऊर्जा खर्चापेक्षा जास्त झाली की उरलेली चरबी होऊन बसते, यातनं कुणाचं शरीर सुटत नाही. मेटाबॉलिझम म्हणजे त्याच हिशेबातली खर्चाची बाजू, त्यामुळं हे की ते असं दोघांचं भांडण लावण्यात अर्थ नाही, विचारायचं ते एवढंच की कुठली बाजू हलली. बहुतेक वेळा हलते ती खाण्याची बाजू, रोज थोडी थोडी, इतकी हळू की खाणाऱ्याला पत्ता लागत नाही. आता ती का हलते, एकाची भूक दोन भाकरीत भागते आणि दुसऱ्याची का भागत नाही, हा खरा मोठा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर "हावरटपणा" हे नाही. खाली ते येईलच.

मेटाबॉलिझम म्हणजे नक्की काय हो?

शरीर दिवसभरात जेवढी ऊर्जा जाळतं ते सगळं. त्यातला साठ ते सत्तर टक्के भाग तुम्ही नुसतं पडून राहिलात तरी जातोच, श्वास, हृदय, मेंदू, अंगातली ऊब यासाठी, याला बीएमआर म्हणतात. दहा टक्क्यांच्या आसपास खाल्लेलं पचवायला लागतं आणि उरलेलं हालचालीला, त्यात व्यायाम आला, भांडी घासणं आलं, जिना चढणं आलं, बसल्या जागी पाय हलवणं सुद्धा आलं.

लोकांना वाटतं की मसलच सगळं जाळतात. तसं नाही. यकृत, मेंदू, हृदय आणि मूत्रपिंडं, वजनानं शरीराच्या पाच-सहा टक्केच पण विश्रांतीतला अर्ध्याहून जास्त खर्च यांचा, एकटा मेंदूच पाचवा हिस्सा घेतो. एक किलो स्नायू पडल्या पडल्या दिवसाला 13 कॅलरी जाळतो, एक किलो चरबी साडेचार. म्हणजे जिममध्ये घाम गाळून दोन किलो मसल कमावलं तर बसल्या जागचा खर्च पंचवीसेक कॅलरीनं वाढला, दीड चमचा साखर. मसल करू नका असं मी म्हणत नाही, उतारवयात तर ते फारच लागतं, पण "मसल केलं की काहीही खाल्लेलं जळतं" हे कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

मग जाड माणसाचं मेटाबॉलिझम स्लो असतं ना?

उलटं असतं. दोन बहिणी घ्या, दोघी 45 वर्षांच्या जुळ्या, उंची 155 सेंटीमीटर, एकीचं वजन 55 आणि दुसरीचं 70. आमच्या कामात एक सूत्र वापरतात, मिफलिन आणि सेंट जिओर यांचं 1990 चं: वजन गुणिले 10, अधिक उंची गुणिले 6.25, वजा वय गुणिले 5, आणि बायकांसाठी त्यातनं 161 वजा, पुरुषांसाठी 5 अधिक. करून बघा. बारकीचा बीएमआर येतो 1130 च्या आसपास, जाडीचा 1280. शरीर मोठं म्हणजे चालवायला खर्च जास्त, मोठ्या गाडीला डिझेल जास्त लागतं तसं, त्यात चालायला उठायला सुद्धा जास्त ऊर्जा जाते. म्हणजे जिचं वजन 70 वर टिकून आहे ती बहिणीपेक्षा जास्त खात असणारच, नाहीतर ते वजन तिथं राहिलंच नसतं.

हे ऐकून बायकांच्या डोळ्यात पाणी येतं, मी बघितलंय. वर्षानुवर्षं त्यांनी धरून ठेवलेलं असतं की माझं मशीनच खराब आहे. मशीन खराब नाही, ही खरं तर चांगली बातमी आहे.

सारख्याच वजनाच्या, सारख्याच उंचीच्या दोघांत काहीच फरक नसतो का?

असतो. दिवसाला दोनशे-अडीचशे कॅलरी इकडंतिकडं होऊ शकतात, नाकारायचं कारण नाही. पण "तो दुप्पट खातो आणि बारीक, मी निम्मं खाते आणि जाड" हा फरक एवढ्यानं भरून निघत नाही.

आमचे हे माझ्याएवढंच खातात, वजन माझंच वाढतं, असं का?

कारण तुम्ही त्यांच्याएवढं खाता. वरच्याच सूत्रानं बघा, 45 वर्षांचा पुरुष, 70 किलो, उंची 170, त्याचा बीएमआर 1540 च्या आसपास, आणि तेवढ्याच वजनाची 155 उंचीची बाई 1280. म्हणजे दोघं दिवसभर झोपून राहिले तरी अडीचशे कॅलरीचा फरक, एक भाकरी आणि वर थोडं लोणी. आपल्याकडं ताटं वाढताना हा विचार होत नाही, उलट बायका मागाहून बसतात आणि उरलेलं "वाया कशाला घालवायचं" म्हणून संपवतात, हे मी प्रत्येक घरात बघितलंय, माझ्या आईचं आयुष्य त्यात गेलं.

चाळिशी आली, पाळी जायला आली, आता मेटाबॉलिझम पडलं असणार?

मला सुद्धा कॉलेजात हेच शिकवलेलं, मी लोकांना हेच सांगायची. मग 2021 मध्ये हर्मन पॉन्ट्झर आणि बऱ्याच संशोधकांनी मिळून 29 देशांतल्या सहा हजार चारशेहून जास्त माणसांची मोजमापं एकत्र करून छापली, आठ दिवसांच्या बाळापासनं 95 वर्षांपर्यंत. मोजायची पद्धत पण पक्की, प्यायला खास पाणी देतात ज्यातले हायड्रोजन आणि ऑक्सिजन खुणेचे असतात, ते शरीरातनं किती वेगानं बाहेर पडतात ते बघून खर्च काढतात, माणूस काय सांगतंय यावर काही अवलंबून नाही. निघालं काय, तर शरीराच्या आकाराचा हिशेब धरला तर विशीपासनं साठीपर्यंत खर्च जवळजवळ सपाट. चाळिशीत पडत नाही, पाळी जाताना पडत नाही. साठीनंतर वर्षाला 0.7 टक्क्यानं उतरत जातो. सगळ्यात जास्त कुणाचा, तर वर्षभराच्या बाळाचा, मोठ्या माणसापेक्षा पन्नास टक्के जास्त.

मग चाळिशीत वजन का वाढतं? झोप मोडते, पोरं मोठी झाली की मागं पळापळ कमी, सायकल जाऊन स्कूटी आली, स्नायू हळूहळू कमी होतात, हातात पैसा आला की बाहेरचं खाणं वाढतं. पाळी जाताना चरबी मांड्यांवरनं पोटाकडं सरकते हे मात्र खरं, त्यामुळं काटा तेवढाच दाखवतो आणि ब्लाऊज घट्ट होतं.

मी खरंच कमी खाते. वहीत लिहून दाखवू?

दाखवा. आणि रागावू नका.

न्यूयॉर्कला 1992 मध्ये अशाच लोकांचा अभ्यास झाला, ज्यांचं म्हणणं होतं की आम्ही दिवसाला बाराशेपेक्षा कमी खातो आणि तरी वजन उतरत नाही. त्यांचं मेटाबॉलिझम मोजलं तर नॉर्मल. खाणं मोजलं तर सांगितल्याच्या जवळजवळ दुप्पट निघालं, वहीत सरासरी 47 टक्के कमी लिहिलेलं, आणि हालचाल 51 टक्के जास्त सांगितलेली. दहाच माणसं होती, पण तेव्हापासनं तेच पुन्हा पुन्हा दिसत आलंय, आणि नुसत्या जाड लोकांत नाही, बारीक माणसं पण कमीच लिहितात, आम्ही आहारवाले सुद्धा चुकतो. कारण माणूस जेवण लक्षात ठेवतं, खाणं लक्षात ठेवत नाही.

आपल्याकडचंच सांगते. शहापूरच्या एक मावशी, वही एकदम स्वच्छ, सकाळी चहा, दुपारी दीड भाकरी, भाजी, थोडा भात, रात्री तेवढंच. बेरीज केली तर हजार-अकराशे. मी म्हटलं मावशी, एक दिवस मी विचारते तसं सांगा. चहा किती वेळा? "अर्धा अर्धाच हो, पाच वेळा". अर्ध्या कपात 50 मिली म्हशीचं दूध, पन्नासेक कॅलरी, दोन छोटे चमचे साखर, चाळीसेक, झाले नव्वद, पाच वेळा म्हणजे साडेचारशे. भाकरीसंगं शेंगाची चटणी, दोन मोठे चमचे, वर तेलाची धार, दोनशे गेले. नातवाच्या ताटातली अर्धी चपाती. पोळ्या लाटताना, भाजी उतरवताना चाखणं. संध्याकाळी टीव्हीसमोर मूठभर शेंगा आणि गुळाचा खडा, दीडशे तरी. सगळं धरून आठशेच्या वर, आणि यातलं एकही जेवण नाही म्हणून वहीत एकही नाही. मावशी लबाड होत्या का? अजिबात नाही. त्यांच्या हिशेबात चहा हे खाणं नव्हतंच, तुमच्या माझ्या आईच्या हिशेबात तरी कुठं होतं.

बापय माणसांचं वेगळं असतं, बाजारात कुणी भेटलं की बाय-टू चहा, अर्धा म्हणून तो मोजत नाहीत आणि दिवसात सहा बाय-टू होतात, बरोबर एखादी मिरची भजी.

तेल तर दिसतच नाही. एक मोठा चमचा तेल सव्वाशे कॅलरी. एण्णेगाईची, म्हणजे मसाला भरलेली, चार वांगी करताना पातेल्यात किती ओततो ते एकदा मापानं बघा.

भात सोडू का? भाकरीनं वजन उतरतं म्हणतात.

कोरड्या वजनावर 100 ग्रॅम तांदूळ आणि 100 ग्रॅम ज्वारीचं पीठ, दोन्ही साडेतीनशेच्या जवळपासच. ज्वारीत चोथा जास्त, भाकरी चावायला लागते, कडक भाकरी तर जास्तच, म्हणून पोट लवकर भरतं आणि माणूस आपसूक थांबतं. भात आमटीसंगं गिळला जातो, आणि आपल्या इकडचा बासमती वासाचा तांदूळ असला की दुसऱ्यांदा वाढून घेतला जातोच. म्हणून भाकरीचा फायदा आहे, पण तो ज्वारीच्या जादूचा नाही, कमी खाल्लं जाण्याचा. चार भाकऱ्या लोण्यासंगं खाल्ल्या तर काय उपयोग. भात आवडतो तर खावा, वाटी ठरवून.

आठवड्याला दोन उपवास करते, तरी?

उपवासाला काय खाता? साबुदाणा 75 ग्रॅम म्हणजे अडीचशेच्या वर, शेंगदाण्याचं कूट 30 ग्रॅम दीडशेच्या वर, तूप एक मोठा चमचा सव्वाशे. साडेपाचशे झाले एका बशीत, रोजच्या जेवणापेक्षा जास्त, आणि तीन तासांनी परत भूक. देवाचं म्हणून करायचं असेल तर मनापासनं करा, माझी आई यल्लम्माचा मंगळवार अजून धरते, पण ते वजनासाठी धरू नका.

फार कमी खाल्लं की शरीर चरबी धरून ठेवतं आणि वजन वाढतं, खरं का?

अर्धं खरं. खर्च कमी करतं हे खरं, वजन वाढतं हे खोटं. 1944-45 मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी 36 तरुणांना सहा महिने निम्म्याच्या आसपास जेवण दिलं, युद्धात उपाशी राहिलेल्यांना परत कसं खाऊ घालायचं हे कळावं म्हणून, आणि ती पोरं स्वतःहून तयार झालेली. त्यांचं मेटाबॉलिझम खूप खाली गेलं, अंगात थंडी भरायची, दिवसरात्र डोक्यात जेवणाचेच विचार, पण वजन चौथ्या हिश्श्यानं उतरलंच. जाड कुणी झालं नाही.

मग "कमी खाऊन वजन वाढलं" असं का वाटतं? सोमवार ते शुक्रवार दाबून धरलेलं शनिवार-रविवारी सुटतं, आणि लक्षात राहतात ते पाच दिवस.

डाएट करून बारा किलो उतरवलं, दोन वर्षांत परत आलं. हे तरी मेटाबॉलिझम ना?

इथं मेटाबॉलिझमचा हात आहे, थोडं सविस्तर सांगते कारण इथंच माणसं सगळ्यात जास्त स्वतःला दोष देतात.

वजन उतरलं की खर्च दोन कारणांनी कमी होतो. एक, शरीर लहान झालं. दोन, लहान शरीराला जेवढा खर्च यायला हवा त्यापेक्षा सुद्धा शरीर थोडं आणखी आखडतं. अमेरिकेत एका टीव्ही स्पर्धेत भराभर वजन उतरवलेल्या 14 जणांना केविन हॉल यांच्या टीमनं सहा वर्षांनी परत मोजलं, 2016 ला ते छापून आलं, त्यांचा विश्रांतीतला खर्च अपेक्षेपेक्षा दिवसाला पाचशे कॅलरीनं कमी होता. ती टोकाची उदाहरणं आहेत, दिवसाला कित्येक तास व्यायाम आणि अगदी थोडं खाणं असं केलेली. रोजच्या माणसात ही घट बरीच कमी असते, पण असते.

आणि त्याहून मोठी गोष्ट भुकेची. चरबी कमी झाली की लेप्टिन नावाचं हार्मोन कमी होतं, मेंदूला निरोप जातो की साठा घटलाय, आणि मेंदू भूक वाढवतो. ही भूक महिनाभराची नसते, वजन उतरलेलं आहे तोवर ती मागं लागलेलीच असते. बारा किलो उतरवून दोन वर्षांनी परत चढलेला माणूस कच्च्या मनाचा नाही, त्याच्यामागं रोज चोवीस तास भूक लावून दिलेली होती आणि कुणी त्याला ते सांगितलं नव्हतं. म्हणून मी महिन्याला दहा किलोची हमी कधी देत नाही. हळू उतरवा, आणि जे खाणं दहा वर्षं जमेल तेच आज सुरू करा.

माझं थायरॉईड आहे. म्हणजे मी काहीच करू शकत नाही?

थायरॉईड कमी असलं की खर्च खरंच कमी होतो आणि वजन वाढतं, पण साधारण दोन ते साडेचार किलो, आणि त्यातलं बरंचसं पाणी आणि मीठ. गोळी बरोबर चालू असली आणि रक्ततपासणीतला टीएसएच हा थायरॉईडचा आकडा ताब्यात असला की तो भाग निघून जातो. वीस-पंचवीस किलो थायरॉईडमुळं, असं सहसा नसतं. गोळी मनानं बंद करू नका, वजन उतरावं म्हणून मनानं वाढवू पण नका, हृदयाला त्रास होतो.

खऱ्या वैद्यकीय कारणांकडं मात्र दुर्लक्ष नको. स्टिरॉईडच्या गोळ्या, काही मानसिक आजारांची औषधं, फिट्सची काही औषधं, इन्सुलिन, यांनी वजन वाढतं, त्यातली बरीचशी भूक वाढवूनच. पाळी महिनोन्महिने येत नाही आणि हनुवटीवर केस येतात, चेहरा एकदम गोल झाला आणि पोटावर जांभळे चट्टे उठले, पायाला सूज येऊन चार दिवसांत वजन चढलं आणि धाप लागते, यातलं काही असेल तर आहारवाल्याकडं नाही, आधी डॉक्टरकडं जा, आणि धाप असेल तर आजच.

गावात लक्ष्मीची यात्रा झाली, दोन दिवसांत तीन किलो वाढलं!

चरबी नाही ती. तीन किलो चरबी साठायला खर्चाच्या वर तेवीस हजार कॅलरी लागतील, कितीही मटण खाल्लं तरी दोन दिवसांत ते होत नाही. मीठ जास्त गेलं, भात-पोळीची साखर यकृतात आणि स्नायूंत साठली, ती आपल्यासंगं तिच्या तिप्पट पाणी धरते, आणि खाल्लेलं अजून पोटातच आहे. नेहमीचं जेवण सुरू करा, चार दिवसांत बरंचसं जातं. उपाशी राहू नका.

रोज व्हॅक्सिन डेपोच्या मोकळ्या मैदानात तासभर चालते, एक ग्रॅम उतरलं नाही.

चालणं सोडू नका, साखर, बीपी, गुडघे, झोप, मन, सगळ्याला चांगलं. पण हिशेब बघा, 70 किलोची बाई पाच किलोमीटर चालली तर दोनशे-अडीचशे कॅलरी. कुंदा म्हणजे खवा आणि साखर, 100 ग्रॅमला साडेतीनशे ते चारशे, म्हणजे 60 ग्रॅमचा एक डबीतला घास-दोन घास आणि तासभराचं चालणं बरोबरीला. त्यात शरीर हुशार, सकाळी चाललं की दुपारी जास्त बसतं. टांझानियातले हाद्झा लोक अजून शिकार करून, कंदमुळं खणून राहतात, दिवसभर पायावर, पण शरीराच्या आकाराचा हिशेब धरला तर त्यांचा दिवसाचा एकूण खर्च शहरातल्या माणसाएवढाच निघाला, हे 2012 ला दिसलं. वजन उतरवायचं काम ताटाचं, उतरलेलं टिकवायचं काम चालण्याचं.

जिरं पाणी, लिंबू-मध, ग्रीन टी यानं मेटाबॉलिझम वाढतं का?

वजन उतरण्याइतकं नाही. मध साखरच आहे.

त्यापेक्षा प्रोटीनचं ऐका. प्रोटीन पचवताना त्यातली वीस ते तीस टक्के ऊर्जा पचनातच जाते, भात-भाकरीची पाच-दहा टक्के, तेला-तुपाची तीनच्या आत. शिवाय पोट भरून राहतं. मटकीची उसळ, झुणका, अंडी, ताक, मासे, जे चालतं ते दर जेवणात असू द्या.

माझी मैत्रीण काहीही खाते, तिला अंगच लागत नाही.

असं असतं. कॅनडात 12 जुळ्यांच्या जोड्यांना रोज हजार कॅलरी जास्त देऊन, आठवड्यातले सहा दिवस असे एकूण 84 दिवस ठेवलं, 1990 चं काम. सगळ्यांना सारखंच जास्त, पण कुणाचं वजन सव्वाचार किलो वाढलं, कुणाचं तेरा, आणि जुळे भाऊ एकमेकांसारखे वाढले. म्हणजे घराण्याचा भाग मोठा. काहींचं शरीर जास्त झालेलं हालचालीत उधळून टाकतं, बसल्या जागी स्वस्थ बसतच नाहीत.

पण बघा, वजन सगळ्यांचं वाढलं. आणि आजवर सापडलेल्या जनुकांतली सगळ्यात नावाजलेली एफटीओ, 2007 मध्ये सापडली, ती आईकडनं आणि बापाकडनं दोन्हीकडनं आलेल्यांचं वजन सरासरी तीन किलो जास्त असतं, आणि ती काम करते ती मुख्यतः भुकेवर. मैत्रीण "काहीही" खाते ते तुम्ही लग्नात बघता, घरी ती दुपारी जेवायचं विसरते हे तुम्हाला दिसत नाही. तिला भूक कमी लागते, हे तिचं कर्तृत्व नाही. तुम्हाला जास्त लागते हा तुमचा गुन्हा नाही.

मी बारीकच आहे, नुसतं पोट सुटलंय. मला काय काळजी?

आहे. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉक्टर चित्तरंजन याज्ञिक यांनी हे आयुष्यभर अभ्यासलं. 2004 मध्ये त्यांनी आणि त्यांच्या इंग्रज सहकाऱ्यानं स्वतःचाच फोटो छापला, दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, सारखाच, 22.3, पण इंग्रज डॉक्टरच्या अंगात चरबी 9.1 टक्के आणि आपल्या डॉक्टरांच्या 21.2. आपलं असंच असतं, हात-पाय काटक्या आणि पोटात चरबी. म्हणून आपल्याला बीएमआय 23 पासनंच जपायचं, आणि कंबर पुरुषांची 90 सेंटीमीटर, बायकांची 80, त्याच्या वर गेली तर एकदा रिकाम्या पोटी साखर तपासून घ्या.

ती नवी वजनाची इंजेक्शनं मेटाबॉलिझम वाढवतात का?

नाही, भूक कमी करतात. त्यातलंच एक औषध सेमाग्लुटाइड, त्याच्या मोठ्या चाचणीत 68 आठवड्यांत सरासरी पंधरा टक्क्यांच्या जवळपास वजन उतरलं, आणि ते खाणं कमी झालं म्हणून. मेटाबॉलिझम वाढवणारं औषध पण होतं, डीएनपी नावाचं, 1930 च्या दशकात अमेरिकेत लोकांनी वजनासाठी घेतलं, शरीर आतनं तापून माणसं मेली, मग ते बंद केलं. जालावर अजून कुणी विकत असेल तर हात लावू नका. इंजेक्शन घ्यायचं की नाही हे डॉक्टर ठरवतील, पण ज्यांना ते लागतं त्यांना "आळशी" म्हणणं बंद करा, बीपीची गोळी घेणाऱ्याला म्हणता का?

रोज शंभर कॅलरी कमी केल्या तर वर्षात किती उतरेल?

कागदावर 7700 ला एक किलो धरून पावणेपाच किलो येतात, प्रत्यक्षात पहिल्या वर्षी दोनच्या आसपास आणि तीनेक वर्षांत चारच्या आसपास, कारण वजन उतरत जातं तसा खर्च पण उतरतो. थोडं वाटतं ना? पण त्या शंभर म्हणजे फक्त दोन-तीन चहांची साखर.

सासूबाईंसमोर चमच्यानं तेल मोजायला लागले तर घरात भांडण होईल. काय करू?

चमचा नको. नवा तेलाचा डबा फोडाल त्या दिवशी त्याच्यावर पेनानं तारीख लिहा, आणि संपेल त्या दिवशी परत. चार माणसांत पाच लिटर महिनाभरात संपलं तर प्रत्येकाच्या पोटात रोज 42 मिली तेल गेलं, साडेतीनशे कॅलरीच्या घरात. तोच डबा दोन महिने पुरवता आला तर माणशी पावणेदोनशे रोजच्या वाचल्या, कुणाची भाकरी कमी न करता. साखरेच्या डब्याला पण तसंच, शेंगदाण्याला पण. कुणाशी काही बोलायला लागत नाही, आणि दोन महिन्यांनी माझ्याकडं येताना वही आणू नका, डब्यांवरच्या त्या तारखा तेवढ्या घेऊन या.